दोन फुटांचं कलम बरं की पाच फुटांचं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पावसाची पहिली सर आली की जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत, रोपवाटिकांसमोर गाड्या थांबू लागतात. कुणाच्या बंगल्याचं आवार मोकळं असतं, कुणाचं गावाकडचं परसदार. आणि पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘दादा, मोठं झाड केवढ्याला?’’

२०१३ साली मीही हेच विचारलं होतं. पाच-पाच फुटांची दोन आंब्याची कलमं, शेंडे गाडीच्या खिडकीबाहेर काढून वडगावला आणली. चिठ्ठीवर एकच शब्द होता, ‘हापूस’.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ मावळातून गेलं. त्यात चांगली जुनी झाडं आडवी झाली, तेव्हा माझा एक आंबा पडला याचं नवल नव्हतं. पण मुळं पाहिली आणि मन खट्टू झालं. सात वर्षांनीही मुळांचा गोळा पिशवीच्याच आकाराचा! सुंभाच्या वेटोळ्यासारखी मुळं एकमेकांभोवती फिरलेली. दुसरा आंबा उभा राहिला. दोन वर्षांनी त्याला फळं आली, ती बारकी, आंबट, रेषाळ. सांध्याखालून फुटलेल्या रायवळ खुंटानं वरचा हापूस केव्हाच मारला होता, आणि आम्ही त्या खुंटाला नऊ वर्षं शेणखत घालत होतो. सौभाग्यवतींनी त्या कैऱ्यांचं लोणचं घातलं, ते मात्र झकास झालं.

रोपवाटिकेत ‘सहा बाय आठ’ म्हणतात तो आकडा पिशवीचा, इंचांत, आणि तोही रिकामी पिशवी सपाट धरून मोजलेला. कुंडीचा आकडा तोंडाच्या व्यासाचा. झाडाची उंची यात कुठंच नाही. तेव्हा लहान पिशवीत पाच फुटांचं झाड दिसलं, तर ते तिथं फार दिवस अडकून पडलंय असं समजावं. पिशवी उचलून बुडाशी पाहा. जाड मुळं बाहेर येऊन जमिनीत शिरली असतील, तर उचलताना ती तुटणार. त्यापेक्षा दीड-दोन फुटांचं, बुंध्याशी जाडसर, सांधा नीट जुळलेलं कलम घ्या. लावताना सांधा मातीच्या वर ठेवा, त्यावरची प्लॅस्टिकची पट्टी सोडा आणि सांध्याखाली दिसेल तो फुटवा दिसताक्षणी काढून टाका.

आता चिठ्ठीकडे वळू. नुसतं ‘चाफा’ लिहिलेलं रोप घेऊ नका. पांढरा चाफा, सोनचाफा, हिरवा चाफा, नागचाफा, कवठी चाफा ही सगळी निरनिराळी झाडं आहेत. सोनचाफ्यातही बियांचं रोप की कलम, हे विचारा. बियांच्या रोपाला फुलं यायला वर्षं लागतात आणि ते उंच जातं. कलम लवकर, हाताच्या अंतरावर फुलतं. आंब्याचंही तसंच. हापूसला पूर्वापार दहा-दहा मीटर अंतर सोडतात, आम्रपाली मात्र अडीच मीटरवरही लावतात. चार गुंठ्यांच्या आवारात काय मावेल ते जातीच्या नावावर ठरतं, विकत घेतानाच्या उंचीवर नाही.

गावाचाही विचार करावा लागतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तळेगावात त्याच्या निम्माही नाही. तळेगावच्या मित्राकडे छान वाढलेलं झाड लोणावळ्याच्या पाणथळ कोपऱ्यात कुजू शकतं.

फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून कायदा आहे आणि त्यानुसार परवाना लागतो. म्हणून परवाना आहे का, डोळकाड्या कुठल्या झाडाच्या, खुंट कशाचा, हे विचारायला संकोच नको. जातीचं नाव लिहिलेली पक्की पावती मागा. मी मागितली नव्हती, त्यामुळे नऊ वर्षांनी भांडायला जाणार तरी कशाच्या जोरावर?

पडलेल्या आंब्याच्या जागी गेल्या पावसाळ्यात नवं कलम लावलं. उंची जेमतेम दोन फूट, शेजारी हसले. चिठ्ठीवरची शाई महिन्याभरात पावसानं धुऊन नेली. पण यावेळी वहीत शिसपेन्सिलीनं लिहून ठेवलंय : रत्ना, कोय कलम, रायवळ खुंट, विहिरीकडून दुसरं.