‘सामाजिक’ म्हणजे कुणी, कुणासाठी?

(डिलाईल रोडवर वस्तीतल्या महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. व्याकरणाचा तास वाटेल, पण मुद्दा पैशाचा आहे.

‘सोशल’ हे इंग्रजी विशेषण आपण सगळ्याच वापरतो. ‘ती फार सोशल आहे’ म्हणजे चारचौघांत मिसळणारी. (सुनेबद्दल हेच वाक्य तक्रार होते, ते असो.) ‘सोशल वर्क करते’ म्हणजे समाजासाठी, बहुधा फुकट, राबते. आणि ‘सोशल सिक्युरिटी’ म्हणजे आजारपण, बाळंतपण, म्हातारपण यांचा भार समाजानं उचलायचा. अहवालांतून ‘सोसायटल’ असाही शब्द येतो. एकटीदुकटीचं नव्हे, सगळ्या समाजाच्या घडणीशी जोडलेलं, असा त्याचा अर्थ. मराठीत या बहुतेकांना आपण ‘सामाजिक’ म्हणून मोकळ्या होतो. मग समाजासाठी काय करायचं आणि समाजानं काय करायचं, हा फरक बुजतो. बाईच्या बाबतीत तो मुद्दाम बुजवतात, असं माझं मत आहे.

या रस्त्याचं आताचं नाव ना. म. जोशी मार्ग. जोशींनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. तिथं ‘सोशल’चा अर्थ होता सेवा. पुढं १९२० साली आयटकच्या उभारणीत ते होते आणि १९२६ पासून गिरणी कामगारांच्या युनियनचं काम करत होते. म्हणजे सेवेच्या जोडीला हक्काची भाषा आली.

त्या काळी गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती, बहुतेक वाइंडिंग-रीलिंग खात्यांत. त्यांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात आलं. डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारनं उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. मालकालाही त्यांनी मोकळं सोडलं नाही, कारण बाईच्या कामाचा फायदा तो घेतोच. ‘सोसायटल’ म्हणजे काय, हे याहून सोपं कुणी सांगेल असं मला वाटत नाही. कायदा १९२९ साली झाला, पण पैसे द्यायचे एकट्या मालकानं. पुढं गिरण्यांतल्या बायका कमी होत गेल्या. रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रं अशी कारणं होतीच, त्यांत बाळंतपणाच्या खर्चाचीही भर पडली. भार समाजाचा म्हणायचा आणि शेवटी नोकरी बाईनं गमवायची!

खानावळवाल्यांचं तर विचारूच नका. गावाहून एकटे आलेले कामगार त्यांच्या भाकरीवर गिरणी चालवत होते, तरी त्या कामाचं नाव ‘घरगुती’. १९७५ साली प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठं तो धंदा म्हणून कागदावर आला.

आता आजचं. ‘आशा’ या नावातला मधला शब्द ‘सोशल’च आहे: अॅक्रेडिटेड सोशल हेल्थ अॅक्टिव्हिस्ट. तिला पगार नाही, मोबदला आणि मानधन. अंगणवाडी सेविकेचंही तेच, मानधन. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं अंगणवाडीच्या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं. योजना १९७५ ची, म्हणजे सत्तेचाळीस वर्षं लागली. पोरांचं पोषण ही जबाबदारी समाजाची, हे सगळ्यांना मान्य. मात्र ती पार पाडणारीला विचारलं तर उत्तर येतं, ‘बाई, हे सामाजिक काम आहे.’

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या कामाचे कागद घेऊन या. नेमणुकीचं पत्र, सर्क्युलर, जे असेल ते. जिथं ‘सामाजिक’, ‘सेवा’ किंवा ‘मानधन’ आहे तिथं पेन्सिलीनं खूण करा. ज्यांना वाचायला जड जातं त्यांनी शेजारणीला घेऊन बसा. पहिला कागद अंगणवाडीवाल्यांचा घेऊ.