घराचे कर्ज आणि घरमालकाचे कर्ज



कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस डोंबिवलीची जागा विकून गावी परतायचे ठरवतो, तेव्हा त्याच्या दारात पहिला येतो तो दलाल. चहा होतो, खोल्यांची मापे घेतली जातात, आणि मग आपुलकीच्या सुरात विचारणा सुरू होते. काका, बँकेचे किती राहिले? गावाकडे घर बांधायला घेतले का? मुलीचे लग्न ठरले म्हणे? पैसे कधीपर्यंत हवेत? काका मोकळ्या मनाचे. ते सारे सांगून टाकतात. तिसऱ्या दिवशी येणारे गिऱ्हाईक नेमकी तेवढीच रक्कम बोलते, जेवढीत बँक फिटेल आणि लग्न कसेबसे निभावेल.

यात दलालाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. तोही बहुधा कुणाच्या तरी कचेरीसाठी राबणारा, निश्चित पगार नसलेला माणूस असतो. प्रश्न हितसंबंधांचा आहे. ४० लाखांचा सौदा ३८ लाखांना पटला, तर विकणाऱ्याचे दोन लाख जातात. शेकडा एक दराने दलालाचे जातात अवघे दोन हजार. तेवढ्यासाठी तो महिनाभर कशाला थांबेल? शिवाय मुंबईकडे दलाली बहुधा दोन्ही बाजूंकडून घेतली जाते. अशा माणसाला आपली गरज सांगणे म्हणजे ती गिऱ्हाइकाच्याच कानी घालणे होय.

मग सांगावे काय आणि राखावे काय? याचे उत्तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मध्ये सापडते. मिळकतीत वा मालकीहक्कात असलेला, गिऱ्हाइकाला साध्या दक्षतेने उमगणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. आणि बोजासह विक्री ठरली नसेल, तर मिळकतीवरील बोजाही त्यानेच फेडला पाहिजे. म्हणजे घर गहाण असेल तर ते दडवू नये. सोसायटीची थकबाकीही दडवू नये. परंतु हे झाले घराचे कर्ज. घरमालकाने सावकाराकडून काय उचलले, फंडातले किती उरले, मुलाची नोकरी टिकली की गेली, यांतले काहीही त्या कलमात बसत नाही.

"बँकेचा बोजा आहे, व्यवहाराच्या वेळी फिटेल, किंमत ठरली की बँकेचा दाखला गिऱ्हाइकाच्या वकिलाला दाखवू." एवढे उत्तर पुरे. आकडा आधी नको, आणि मनातली किमान किंमत तर मुळीच नको. पॅन क्रमांक लागतो हे खरे, कारण ५० लाख वा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात गिऱ्हाइकाला शेकडा एक कर कापून भरावा लागतो. पण तो द्यायचा गिऱ्हाइकाला, सौदा ठरल्यावर. पहिल्याच भेटीत दलालाच्या वहीत नव्हे. पासबुकाची झेरॉक्स मागणाऱ्यास स्वच्छ नाही म्हणावे.

वस्तुतः प्रश्न उलट दिशेने जायला हवेत. गिऱ्हाइकाचे कर्ज मंजूर झाले आहे काय? विसार किती? उरलेली रक्कम किती दिवसांत? कष्टकरी माणसाला स्वतःची नड सांगताना संकोच वाटत नाही, दुसऱ्याची ऐपत विचारताना मात्र वाटतो!

काकांकडे डाळ शिजली नाही की दलाल काकूंना विचारतो, मग शेजारच्या बिऱ्हाडात. तेव्हा कोणी काय बोलायचे हे घरात आधीच ठरलेले असावे. शेजाऱ्यांना लग्नाची तारीख ठाऊक असतेच. त्याला इलाज नाही.