वारीला निघताना घरचे मांजर



प्रवासाला निघताना मांजर आडवे गेले, की आपण चार पावले मागे येतो, घोटभर पाणी पितो आणि मग पुन्हा निघतो. मांजरामुळे आपल्या प्रवासाचे काय होईल, याचा विचार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या झालेला आहे. आपल्या प्रवासामुळे मांजराचे काय होईल, हा विचार मात्र फारसा कोणी केलेला दिसत नाही. आज त्याबद्दल तुमच्याशी थोडे बोलावे म्हणतो. विषय ऐकून काही मंडळी हसतील. हसावे. पण ज्यांच्या घरात ज्वारीची पोती रचलेली आहेत, ती मंडळी फार वेळ हसणार नाहीत.

आपल्या बारामती-इंदापूर भागातला माणूस घर सोडून लांब जातो, तो मुख्यतः वारीला. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकाराम महाराजांची पालखी निघते. महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला, असे सांगतात. बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर असे करीत पालखी आपल्या दोन तालुक्यांतून जाते आणि सराटीला नीरेत पादुकांना स्नान झाले, की सोलापूर जिल्ह्यात शिरते. देहूपासून चालणारा वारकरी पौर्णिमेच्या काल्यापर्यंत थांबला, तर तीन आठवड्यांहून अधिक काळ घराबाहेर राहतो. निघताना तो बैल भावाकडे बांधतो, गाईच्या धारेची सोय लावतो, शेरडे कोणाच्या तरी स्वाधीन करतो. मांजराचे विचारले तर म्हणतो, "त्याला काय हुतंय? उंदीर खाईल आन्‌ राहील."

मीही असाच होतो. म्हणून आधी माझी चूक सांगतो.

माझी आई निमगाव केतकीला एकटीच राहते. मी नोकरीसाठी बारामतीला. २०१८ साली आई वारीला निघाली, तेव्हा मांजराची जबाबदारी माझ्याकडे आली. मी विचार केला, रोज निमगावला कोण जाणार? बहीण सणसरला दिलेली आहे, तिच्याकडे दूधदुभते आहे, मुले आहेत. मांजर मजेत राहील. मनीला पोत्यात घातले, तोंड बांधले आणि मोटारसायकलवर सणसरला नेऊन सोडले. दुसऱ्या दिवशी पहाटे बहिणीने दार उघडले, तशी मनी तिच्या पायातून जी बाहेर पडली ती पडलीच. उसाची राने चहूबाजूंनी. कुठे म्हणून शोधायचे?

खरी पंचाईत पुढेच होती. पालखीचा मुक्काम सणसरला आला. बहीण पादुकांच्या दर्शनाला गेली, तिथे आई भेटली. आईचा पहिला प्रश्न, "माझी मनी काय करती गं?" बहिणीला खोटे बोलता येईना. आई काही बोलली नाही. पण तिच्या दिंडीतल्या बायकांनी मला नंतर सांगितले, की सणसरपासून निमगावपर्यंत म्हातारी अभंग म्हणत होती आणि नजर सारखी उसाच्या बांधाकडे होती. घर लागले तेव्हा ओट्यावर उभी राहून तिने चार हाका मारल्या आणि सकाळी दिंडीबरोबर पुढे गेली. मनी परत आली नाही.

आता चूक कुठे झाली ते पाहू. कुत्रे माणसाला धरून असते. आपले धनगर बांधव मेंढरे घेऊन मैलोन्‌मैल जातात, कुत्रे वाड्याबरोबर चालते. रोज नवा तळ पडला तरी त्याला त्याचे काही वाटत नाही, कारण त्याचा माणूस आणि त्याची मेंढरे बरोबर असतात. मांजर मुख्यतः जागेला धरून असते. तुम्ही पाहिले असेल, मांजर दाराच्या चौकटीला, कणगीला, तुमच्या पायाला गाल घासते. आपण म्हणतो लाडात आले. लाड असतोच, पण त्याच्या गालाजवळ बारीक ग्रंथी असतात आणि त्यांचा वास ते तिथे ठेवून जाते. आपल्या नाकाला तो कळत नाही. त्याला मात्र त्या वासावरून सारे घर ओळखीचे असते. अशा जिवाला पोत्यात कोंडून, धडधडत्या गाडीवरून नेऊन परक्या घरात सोडले, तर त्याच्या दृष्टीने ते घरच नव्हे. ते लपते, नाहीतर पळते.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की मांजराला हलवू नये. मांजर त्याच्या घरी ठेवावे आणि माणसाने त्याच्याकडे यावे. घर पाडायचे आहे, गाव सोडायचे आहे, अशी हलवल्यावाचून गत्यंतर नसलेली वेळ येते, नाही असे नाही. तेव्हा नव्या जागी एका खोलीत निदान दोन-तीन आठवडे बंद ठेवावे, त्याच्या अंगाखालचे जुने फडके किंवा गोधडी बरोबर द्यावी, न धुता. नेताना पोते वापरू नये, झाकणाची टोपली घ्यावी, वारा लागेल अशी.

पुढल्या वर्षीची गोष्ट. २०१८ च्या दिवाळीत घरात एक भुरे पिल्लू आले आणि आईने त्यालाही मनीच म्हटले. ज्येष्ठ लागला तशी आई म्हणाली, "औंदा मला न्हाय जायचं." मी म्हटले, का? तर म्हणे, "आरं, हिला कुणाच्या जिवावर टाकून जाऊ?" तुझ्या जिवावर, असे काही ती म्हणाली नाही. मला काय समजायचे ते समजले. सत्तरी ओलांडलेली बाई, किती वर्षांची तिची वारी, आणि ती माझ्या हलगर्जीपणामुळे चुकणार!

अडचणही खरीच होती. आषाढात आमची आळी निम्मी रिकामी होते. ज्याला सांगावे तोच दिंडीत. शेवटी शेजारच्या वहिनी आठवल्या. त्यांचे सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे त्यांना कुठे जाता येत नाही. घरी सहावीत शिकणारी मुलगी. मी विचारायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, एवढंच व्हय? आवं, सांगायचं न्हाय का मागल्या सालीच?"

पण नुसते "लक्ष ठेवा" म्हणून चालत नाही. "लक्ष ठेवा" म्हणजे काय करा, हे ठरवून द्यावे लागते. आणि ते आपण घरात असतानाच सुरू करावे लागते. आई निघायच्या आधी पंधरा दिवस, दोन्ही वेळचे खाणे त्या मुलीनेच घालायचे असे ठरवले. आई ओट्यावर बसून राही. पहिले चार दिवस मनी लांबून बघायची. आठव्या दिवशी मुलीच्या पैंजणाचा आवाज आला, की मोरीच्या भोकातून आत यायची. ही ओळख झाल्याशिवाय निघू नये. ते मोरीचे भोक उघडे ठेवले, ओट्याची किल्ली वहिनींकडे दिली आणि आतल्या पोत्यांच्या खोलीचे दार मांजर जाईल इतके उघडे राहील असे अडकवून टाकले. मृगाच्या पावसाने बिळांत पाणी शिरले, की उंदीर घराकडे येतात. मांजराला बाहेर आणि धान्याला आत कोंडून जाण्यात अर्थ नाही.

खाण्याचा प्रश्न आमच्या घरी नाजूक होता. आई माळकरी. मांजर मात्र जातीचे मांसाहारी. नुसत्या दूधभाकरीवर त्याचे भागत नाही, आणि मोठ्या झालेल्या कित्येक मांजरांना तर दूध पचतही नाही, पोट बिघडते. एरवी उणे पडलेले मनी उंदरांवर भरून काढायची. पण माणूस घरात नसताना शिकारीवर सोडून देणे म्हणजे एक दिवस पोट भरणार, दोन दिवस रिकामे. आम्ही तोडगा असा काढला, की सकाळी थोडी भाकरी दुधात कुस्करून आईच्या ओट्यावर, आणि संध्याकाळी उकडलेले अंडे किंवा गरम पाण्यात धुऊन खारटपणा घालवलेली सुकट वहिनींच्या परसात. भिगवणच्या बाजारातली उजनीची ताजी मासळी आळीत कोणी आणलीच, तर तिचेही थोडे, शिजवून. आईला हे सांगताना मला धाकधूक होती. ती म्हणाली, "तिच्या वाट्याचं तिनं खावं. माळ माझ्या गळ्यात हाय, तिच्या न्हाय." मुंग्या लागू नयेत म्हणून वाटी पाण्याच्या परातीत ठेवली. पिण्याचे पाणी दोन ठिकाणी, जड दगडी भांड्यात, उलटणार नाही असे.

आता गुरुजनांसाठी. त्या मुलीला मी वहीच्या पानावर एक हजेरीपट आखून दिला. तारीख, सकाळ, संध्याकाळ, खाल्ले का, आणि शेवटी शेरा. शाळेत आपण मुलांची हजेरी घेतो, इथे मुलीने मांजराची घ्यायची. नियम दोनच. मनी लागोपाठ दोन वेळा दिसली नाही, तर मला फोन करायचा आणि शोध घ्यायचा. दिसते पण दोन दिवस काहीच खात नाही, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायचे, वाट पाहत बसायचे नाही. मांजराला एकादशी मानवत नाही. उपास घडला तर त्याचे यकृत बिघडते, त्यातून मांजर अंगाने भरलेले असेल तर लवकर. आणि घरात माणसाची तापाची गोळी असते ना, पॅरासिटामॉल, ती मांजराला चुकूनही देऊ नये. एका गोळीने जीव जाऊ शकतो. चांगल्या मनाने दिलेल्या औषधाने मेलेले मांजर मी पाहिले आहे.

उंदरांच्या औषधाचेही तसेच. वारीला जायचे म्हणून पोत्यांभोवती विषाच्या गोळ्या टाकून जाण्याची पद्धत आहे. विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो आणि मांजर नेमका तोच आधी धरते. मांजर असेल तर विष नको. विष टाकायचेच असेल, तर मांजर ठेवल्याचे समाधान मानू नका.

दोन गोष्टी ज्याच्यावर काम सोपवतो त्याच्या भल्याच्या. मांजराला रेबीजची लस आधी टोचून घ्यावी. पिसाळी फक्त कुत्र्याची नसते. तरीही चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. हळद, चुना भरत बसू नये. आणि शेजारच्या घरी पोटुशी बाई असेल तर मांजराची घाण काढण्याचे काम तिला सांगू नये. त्यातून गर्भाला बाधणारा रोग होऊ शकतो. दुसऱ्या कोणी राखेसकट उचलून लांब पुरावी.

कायद्याचे म्हणाल, तर प्राण्यांच्या क्रूर वागणुकीविरुद्धचा १९६० चा कायदा आहे. उपाशी-तहानेला राहील अशा रीतीने पाळलेले जनावर टाकून जाणे हा त्यात गुन्हा आहे. मांजरही त्यात आलेच. पण मांजरासाठी कोणी कचेरीत गेल्याचे मी तरी ऐकले नाही.

पालखीच्या वाटेवरच्या गावांना एक दिवस वेगळा काढून सांगितला पाहिजे. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीला आणि इंदापूरला अश्वांचे रिंगण. माणसांना तो सोहळा, मांजराला तो प्रलयच. टाळमृदंग, कर्णे, मालमोटारी, तंबू, परकी माणसे. त्या दिवशी दुपारपासून मांजराला आतल्या खोलीत घेऊन कडी लावावी, पाणी आणि राखेची पाटी ठेवावी आणि दिंड्या पुढे गेल्यावर दुसऱ्या दिवशी दार उघडावे. त्या वर्षी पालखी निमगावला आली, तेव्हा आई घरी डोकावलीच. मनी कणगीमागे दडून बसलेली. आईने कणगीपाशी बसून बराच वेळ हाका मारल्या, ती काही बाहेर आली नाही. नुसते डोळे दिसत होते. आई म्हणाली, "असू दे. हाय ना, बास." आणि मुक्कामाच्या तंबूकडे निघून गेली.

त्या वर्षी ती गेली ते बरे झाले. पुढे २०२० आणि २०२१ साली साथीमुळे पालखी पायी निघालीच नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या.

पौर्णिमा करून आई एसटीने परत आली. पिशवीत वहिनींसाठी तुळशीची माळ आणि चुरमुरे-बत्तासे, मुलीसाठी बांगड्या. वहिनींना पैसे देऊ करण्याचा मूर्खपणा मी केला नाही. मात्र पुढल्या पंधरवड्यात त्या दोन दिवस माहेरी गेल्या, तेव्हा त्यांच्या सासऱ्यांजवळ आई बसली. मनीने पहिल्या दिवशी आईकडे पाठ फिरवली, दुसऱ्या दिवशी पायाला गाल घासला. त्या संध्याकाळी आईने मुलीला हजेरीपट वाचायला लावला. तारखेनुसार तेवीस दिवस. एका रकान्यापाशी मुलगी अडखळली.

"काय गं, काय लिव्हलंय?"

"आज्जी, सकाळी हजर. संध्याकाळी गैरहजर. शेरा... रात्री आली. तोंडात उंदीर होता. म्हणून हजर मांडली."