परदेशातून परतलेली लेक आणि कोर्टाचा कागद

आजकाल आपल्या खेड्यापाड्यांतल्या मुलीही लग्न होऊन लंडनला, न्यू जर्सीला नांदायला जातात. संसार सुखाचा झाला तर आनंदच. पण एखादी लेक लेकराला घेऊन एकटीच माहेरी परतते. मागोमाग तिथल्या कोर्टाचा इंग्रजी कागद येतो: मुलाला परत आणा. घरातलं कुणी म्हणतं, "टाक तो कागद पेटीत. इथं येऊन कोण काय करणार?" आज या कागदाबद्दलच बोलू.

आई-बापांपैकी एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय मूल परदेशात नेलं, तर काय करायचं? यासाठी १९८० साली हेग इथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. शंभराहून जास्त देश त्यात आहेत. सोळा वर्षांखालचं मूल आधी राहत होतं त्या देशात लवकर परत पाठवायचं आणि ताब्याचा निर्णय तिथल्या कोर्टाने करायचा, असा त्याचा नियम. परत जाण्यात मुलाला गंभीर धोका असेल, तर कोर्ट नकार देऊ शकतं.

भारत या करारात नाही. त्यामुळे इथे बाप बहुतेक वेळा उच्च न्यायालयात जातो आणि मुलाला कोर्टापुढे हजर करा, अशी मागणी करतो. ताब्याचा आणि पालकत्वाचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात चालतो. ते नसेल तिथे जिल्हा न्यायालयात.

कोर्ट पाहतं मुलाचं हित. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परदेशी कोर्टाचा आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा आहे, पण मुलाचं हित सर्वांत वर. त्या प्रकरणात इंग्लंडहून आणलेली मुलगी आईजवळच राहिली. पण २०१९ आणि २०२० मध्ये त्याच न्यायालयाने अमेरिकेतून आणलेल्या मुलांना परत नेण्याचे आदेश दिले. म्हणजे आईकडे आलं ते आईचंच, असं धरून चालू नका.

म्हणून कागद पेटीत टाकू नका. आपण उत्तर दिलं नाही, तर तिकडे एकतर्फी आदेश होऊ शकतो. लगेच वकिलाला दाखवा. मारहाण झाली असेल तर दवाखान्याचे, पोलिसांचे कागद, मोबाइलवरचे निरोप जपून ठेवा. मुलाच्या शाळेचे, लसीकरणाचे कागदही ठेवा. मुलाला नातेवाइकांकडे लपवू नका. धोका नसेल तर बापाशी फोनवर बोलू द्या. मुलाला दोन्ही पालकांची माया मिळावी, हेही कोर्ट पाहतं.

आता सासू म्हणूनही ऐका. आपल्याच मुलाने नातवाला गुपचूप आणून आपल्या ओटीत टाकलं, तर तिकडे त्याची आई तळमळत असते. नातू आला याच्या आनंदात, त्याची आई कुठे आहे, हे विचारायला विसरू नका.

वकिलाच्या पैशांची काळजी असेल, तर एक लक्षात ठेवा. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण. फोन करायचा तर नंबर आहे १५१००. गटाच्या वहीत आजच लिहून ठेवा.