परसातला जुना गुलाब



पुष्कळ घरांच्या परसात, शाळांच्या बागेत एखादा जुना गुलाब असतो. आजीने लावलेला, नाही तर बदली होऊन गेलेल्या गुरुजींनी. एके वर्षी तो शेंड्याकडून काळा पडत खाली वाळू लागतो. एक जण म्हणतो, उपटून टाका; दुसरा म्हणतो, राहू द्या, आठवण आहे. दोघांनीही जरा थांबावे.

फांदीची साल नखाने खरवडून पाहा. आत हिरवे दिसले तर तिथवर जीव आहे. तपकिरी, कोरडे असेल तर ती फांदी गेली. मग बुडाशी पाहा. कलमी गुलाबाला तिथे गाठ असते. गाठीवर आपला गुलाब, खाली रानगुलाबाचा खुंट. "चांगला लाल गुलाब होता, आता नुसते रान माजले," असे लोक म्हणतात. गुलाब बदललेला नसतो. वरचे कलम मरते आणि खुंट फुटतो. म्हणून गाठीखालची फूट, कितीही जोमदार दिसली तरी, बुडाशी माती उकरून काढून टाकावी.

गाठीवर जीव असेल तर आधी दुखण्याचे कारण शोधा. बुडाशी पाणी साचते का? काळ्या जमिनीत मुळे त्यानेच कुजतात. शेजारच्या आंब्याची सावली वाढली का? गुलाबाला रोज निदान सहा तास ऊन हवे. वाळवी लागली का? कारण तसेच ठेवून खत घालाल तर ते वाया जाईल.

पाऊस सरला की ऑक्टोबरात छाटणी करा. वाळलेला भाग हिरव्या लाकडापर्यंत, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, धारदार कात्रीने तिरपा कापा. 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना अर्धा-अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळे कालवून एकत्र करा आणि तो लेप कापल्या जागी लावा. भांडे मातीचे किंवा प्लॅस्टिकचे घ्या, लोखंडाचे नको. कुजलेले शेणखत नवी फूट दिसल्यावर द्या.

इतके करूनही झाड जाणारच असे दिसले, तरी फांदीवर एखादा निरोगी डोळा शिल्लक आहे तोवर आजीचा गुलाब गेलेला नाही. रानगुलाबाची पेन्सिलीएवढी जाड काडी आधी रुजवून ठेवा. थंडीत तिच्या सालीवर इंग्रजी 'टी' अक्षरासारखा छेद घेऊन तो डोळा आत बसवा, डोळा उघडा ठेवून वर-खाली पट्टी बांधा. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा राहिला तर कलम साधले. गुरुजनहो, मुलांच्या हातून हे एकदा करवून घ्याच.

नवे रोप मात्र जुन्याच खड्ड्यात लावू नका. त्या मातीत ते नीट धरत नाही. दुसरी जागा निवडा. नाही तर दीड फूट लांब, रुंद, खोल माती काढून बाहेरची चांगली माती भरा. कलमाची गाठ जमिनीच्या वर ठेवा.

तेव्हा कुदळ उचलण्याआधी एकदा नखाने साल खरवडून पाहा.