अखेरची नोंद, आरंभीची नोंद

मुंबईच्या उपनगरांत २००९ सालापासून, घरापर्यंत आलेली तार तीच ठेवून वीज पुरवणारी कंपनी तेवढी बदलण्याची मुभा ग्राहकास मिळाली. परंतु ज्या दिवशी हा बदल अमलात येतो, त्या दिवशीचा मीटरवरील आकडा हाच जुन्या हिशेबाचा शेवट आणि नव्या हिशेबाचा आरंभ असल्यामुळे, त्यात चूक झाली तर तिचा भुर्दंड ग्राहकाच्याच माथी बसतो. समजा, जुन्या कंपनीने अखेरची नोंद १८,५४२ अशी केली आणि नव्या कंपनीने आरंभीची नोंद १८,४५२ अशी धरली, तर केवळ दोन अंकांची अदलाबदल होऊन ९० युनिटांचे मूल्य त्या गृहस्थास दोनदा भरावे लागेल.

म्हणून नोंद घेतली जात असताना शक्यतो स्वतः हजर राहावे, मीटरचा क्रमांक आणि ‘केडब्ल्यूएच’ या अक्षरांसह दिसणारा आकडा यांचे एकत्र छायाचित्र काढावे, आणि दोन्ही कंपन्यांची देयके जपून ठेवावीत. तफावत आढळताच संबंधित कंपनीकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. तेथे दाद न लागल्यास, विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४२ अन्वये स्थापन झालेला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि, त्याचा निर्णय मान्य नसल्यास ६० दिवसांच्या आत, विद्युत लोकपाल, ही दोन द्वारे सामान्य नागरिकासाठी खुली आहेत.

कायद्याने दिलेला हक्क जागरूक माणसाच्याच पदरी पडतो. तेव्हा आपल्या मीटरचा आकडा आपणच वाचण्याची सवय लावून घ्यावी, ही कळकळीची विनंती.