लोणच्याचा आंबटपणा आणि आपला पीएच मीटर

मागच्या थंडीत आमच्या गटानं गाजर-फ्लॉवरचं लोणचं घातलं. मीटरवर आकडा आला ४.१. आम्ही निश्चिंत झालो, बाटल्या भरल्या, आठवडी बाजारात विकल्या. तीन आठवड्यांनी एक ताई बाटली घेऊन आल्या. झाकण फुगलेलं, आत फसफस. आम्ही घरोघर जाऊन बाटल्या परत आणल्या, पैसे परत केले आणि सगळा माल टाकून दिला.

मग मीटर ४ च्या बफरमध्ये बुडवला, तर त्यानं ३.४ दाखवलं! म्हणजे आमच्या लोणच्याचा खरा सामू ४.७ च्या आसपास असणार. चूक मीटरची नव्हती. तो टोपण न लावता, कोरडाच फळीवर पडून होता.

पीएच म्हणजे सामू. ७ म्हणजे ना आंबट ना खारं. आकडा जितका खाली, तितका पदार्थ आंबट. एका अंकाचा फरक म्हणजे आंबटपणात दहापट फरक. बाटलीबंद पदार्थात ४.६ ही महत्त्वाची रेषा. त्याच्यावर सामू गेला, तर बोट्युलिझम हा जीवघेणा आजार करणारे जंतू बंद बाटलीत वाढू शकतात. त्यांचं विष चवीला, वासाला कळेलच असं नाही. म्हणून शंका आली तर चाखून बघायचं नाही. आम्ही आता ४.२ च्या खालीच राहतो.

आता मीटर कसा वापरायचा? आधी त्याला जुळवून घ्यायचं. बफरच्या पुड्या मिळतात, एक ७ ची, एक ४ ची. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या डिस्टिल्ड पाण्यात त्या विरघळवायच्या. आधी ७ मध्ये, मग ४ मध्ये जुळवायचं. मधे डिस्टिल्ड पाण्यानं टोक धुवायचं आणि मऊ कागदानं नुसतं टिपायचं. चोळायचं नाही, टोकाची काच फार नाजूक असते. वापरलेला बफर परत बाटलीत ओतायचा नाही. ज्या दिवशी माल करायचा, त्या दिवशी हे काम आधी.

मग नमुना. नुसता वरचा रस तपासू नका, व्हिनेगर रसात आधी उतरतं, फोडीच्या आत जायला वेळ लागतो. फोडी चांगल्या मुरल्यावर काढा, वरचं तेल बाजूला करा, थोडं डिस्टिल्ड पाणी घालून मिक्सरमध्ये वाटा. नमुना गरम नको, घरातल्या हवेइतका थंड होऊ द्या. टोक बुडवून आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. तोच माल दोनदा तपासा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर पुन्हा बफरपासून सुरुवात.

काम झालं की टोक धुवायचं. तेल चिकटलं असेल तर पातळ साबणाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून स्वच्छ धुवायचं. नंतर टोपणात साठवणीचं द्रावण, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं, काही थेंब घालून टोपण घट्ट लावायचं. डिस्टिल्ड पाण्यात टोक ठेवू नका, त्यानं ते लवकर खराब होतं. बाहेर पांढरे मिठासारखे कण दिसले तर घाबरू नका, धुतले की जातात. टोक कोरडं पडलं असेल तर काही तास त्याच द्रावणात भिजवा आणि मगच जुळवा. तरीही बफरमध्ये आकडा येत नसेल किंवा स्थिरच होत नसेल, तर टोक बदलायची वेळ आली.

आमच्या गटात आता एक वही आहे. तारीख, माल, बफरचा आकडा, मालाचा आकडा आणि तपासणारीची सही. सही असली की हात आखडत नाही, पण डोळे उघडे राहतात. तुम्हीही अशी वही करा. आपल्या हातचं लोणचं कुणाचं तरी लेकरू खाणार आहे, हे ध्यानात ठेवा.